ब्लॉगचं दप्तर कोण सांभाळणार?

मराठी ब्लॉग संपला, असं दर दोन-चार वर्षांनी कुणीतरी जाहीर करतं. त्यावर दुसरं कुणीतरी तावातावाने उत्तर देतं की अजून लोक लिहितायत, अमक्याचा ब्लॉग बघा, तमक्याला महिन्याला किती भेटी मिळतात ते बघा. एक बाजू घसरलेले आकडे पुढे करते, दुसरी टिकलेले. लेखनाचा जीव म्हणजे त्याला आज मिळणारे वाचक, हे मात्र दोघांनीही न तपासता धरून टाकलेलं असतं. हे गृहीतकच चुकीचं आहे आणि त्यापायी मराठीचं दरवर्षी खरंखुरं नुकसान होतं आहे. माझं म्हणणं असं की गर्दी जमवणं हे ब्लॉगचं मूळ काम कधीच नव्हतं. एका नावाखाली, एका पत्त्यावर, तारखेनिशी, कुणालाही शोधून सापडेल असं लिहून ठेवणं हे त्याचं काम, आणि त्यासाठी याहून स्वस्त व मोकळं साधन अजून निघालेलं नाही. तेव्हा ब्लॉगच्या भवितव्याबद्दल बोलायचं तर नोंदींचं ते दप्तर कुणाच्या ताब्यात आहे आणि वीस वर्षांनी ते उघडेल का, याबद्दल बोलायला हवं.

शब्दाच्या मुळाशीही हेच आहे. जहाजाच्या नोंदवहीला इंग्रजीत लॉग म्हणतात. त्यावरून १९९७ च्या अखेरीस ‘वेबलॉग’ हा शब्द निघाला आणि १९९९ मध्ये त्याचा ‘ब्लॉग’ झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘ब्लॉगर’ ही सेवा सुरू झाली. २००३ मध्ये ती गूगलने विकत घेतली आणि त्याच साली ब्लॉग चालवण्याचं दुसरं साधन, वर्डप्रेस, आलं. मराठीची अडचण वेगळी होती, लिपीची. तोवर जालावरचं मराठी खासगी फॉन्टांवर चालायचं. वाचकाकडे नेमका तोच फॉन्ट असेल तर अक्षरं दिसायची, नसेल तर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा लगदा. शोधयंत्राला तर कायम लगदाच दिसायचा, म्हणून त्या काळातलं मराठी शोधून सापडत नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण घरच्या संगणकावर ती नीट उमटायला नवं शतक उजाडावं लागलं. मग बरहा, गमभन यांसारख्या साधनांनी रोमन कळफलकावरून मराठी लिहिणं सोपं केलं. छापखाना, संपादक, वितरक यांपैकी कुणाचीही गाठ न घेता लिहिलेला मराठी परिच्छेद जगात कुठेही बसलेल्या माणसाला सापडू शकतो, हे तेव्हा पहिल्यांदा घडलं. छापून येणं मराठीला नवं नव्हतं. असं सापडणं नवं होतं.

या सोयीचा लोकांनी काय उपयोग केला? किल्ल्याचं उदाहरण घ्या. वृत्तपत्राच्या पुरवणीत किल्ल्यावरचा लेख पाच-सहाशे शब्दांत बसवायचा असतो; त्यात सूर्यास्त राहतो आणि पाण्याचं टाकं गाळलं जातं. ब्लॉगवर कुणी लिहितं की पायथ्याच्या कुठल्या वाडीतून चढायचं, मळलेली वाट कुठल्या धारेवर फुटते, कातळटप्प्याला दोर लागतो का, दोन टाक्यांपैकी कुणाचं पाणी मार्चपर्यंत टिकतं. विकिपीडियाला ही नोंद चालत नाही. तिथे स्वतःचं निरीक्षण नको असतं, आधी कुठेतरी प्रसिद्ध झालेला संदर्भ हवा असतो, आणि ज्ञानकोशाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण मग ती पहिली नोंद व्हायची कुठे? गावच्या देवळातल्या झिजलेल्या शिलालेखाचं छायाचित्र आणि वाचन, आजीच्या हातच्या पदार्थाचं वजनात बसवलेलं प्रमाण, दुर्मीळ आजार झालेल्या मुलाचं रोजचं वेळापत्रक, जुन्या दिवाळी अंकांची अनुक्रमणिका. ज्यांचा वाचक वर्षाला दहा जण असतो, पण त्या दहांना दुसरीकडे कुठेच उत्तर मिळत नाही, असल्या नोंदींचं घर ब्लॉग आहे. त्यांना भेटींच्या आकड्याने मोजणं म्हणजे तलाठ्याच्या दप्तराचं मोल ते रोज किती जण उघडतात यावरून ठरवणं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: बहुतेक ब्लॉग पाच-दहा लेखांत बंद पडतात, मग कसलं दप्तर? बंद पडतात हे खरंच आहे. पण १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा एकच निबंध प्रसिद्ध केला. त्यावर टीका झाली, जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली, आणि पुढे ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. आजच्या भाषेत बोलायचं तर एक पोस्ट टाकून बंद पडलेला ब्लॉग. जवळजवळ शतकभर तो निबंध विस्मरणात होता. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी तो पुन्हा प्रकाशात आणला आणि आज स्त्रीवादी विचाराचा इतिहास त्याला वगळून लिहिता येत नाही. मधल्या नव्वद वर्षांत त्याला किती वाचक होते याने काही बिघडलं का? प्रत शिल्लक राहिली नसती तर मात्र सगळंच बिघडलं असतं.

एकट्याने चालवलेली नियतकालिकं तर मराठीत भरपूर. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला १८७४ ते १८८१ चालली, चौऱ्याऐंशी अंक निघाले आणि त्यांतला जवळजवळ सगळा मजकूर त्यांचा स्वतःचा. त्याआधी १८४८ ते १८५० या काळात गोपाळ हरी देशमुखांनी ‘लोकहितवादी’ या टोपणनावाने भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये शतपत्रं लिहिली. सरकारी नोकरीतल्या माणसाला स्वतःच्याच समाजावर इतकं कडक लिहायचं तर टोपणनाव लागणारच. आजही सरकारी कर्मचाऱ्याला १९७९ चे वर्तणूक नियम आहेत, तेव्हा टोपणनावाने लिहिणाऱ्या ब्लॉगरला सरसकट पळपुटा म्हणणाऱ्यांनी शतपत्रं आठवावीत. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ जुलै १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालवलं. संततिनियमन आणि लैंगिक शिक्षण या विषयांना तेव्हा कुठला संपादक जागा देणार होता? अश्लीलतेचे खटले झाले, १९३४ मधल्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते, निकाल विरोधात गेला, तरी अंक निघत राहिला. या माणसांना पुढे कुणी वर्गणीदारांच्या संख्येवरून मोजलं नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. संपादक नसेल तर खोटंनाटं, अर्धवट, पूर्वग्रहदूषित काहीही लिहिलं जातं. हे मी नाकारत नाही. मधुमेह मुळापासून घालवणारे काढे, कर्करोगावरची झाडाची पानं, शिवकाळाबद्दलच्या पुराव्याविना रचलेल्या कथा हे सगळं मराठी ब्लॉगांवर आहे, आणि काढ्याच्या भरवशावर कुणी इन्सुलिन थांबवलं तर जीवही जाऊ शकतो. चांगला संपादक हे थांबवतो. पण संपादक असला की पूर्वग्रह जातो, हे कुणी सिद्ध केलं? २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या वृत्तपत्रांत उमेदवारांची स्तुती बातमीच्या पोशाखात छापून आल्याचं पत्रकार पी. साईनाथ यांनी उघड केलं. वेगवेगळ्या वृत्तपत्रांत तोच मजकूर शब्दशः सापडला. प्रेस कौन्सिलने समिती नेमली, २०१० मध्ये अहवाल झाला. त्या बातम्यांना संपादक होते, प्रुफं तपासणारे होते, जाहिरात विभागही होता. वाचकाला फक्त एवढंच कळत नव्हतं की हे बोलतंय कोण.

पूर्वग्रहाची परीक्षा इथेच होते. चिपळूणकरांनी निबंधमालेत फुल्यांवर जे लिहिलं ते अन्यायाचं होतं, जातीच्या अभिमानातून आलेलं होतं. तरी ते आज आपल्याला नेमकेपणाने सांगता येतं, कारण लेखकाचं नाव, अंक, वर्ष सगळं समोर आहे. फुल्यांनाही उत्तर देताना समोर कोण आहे ते माहीत होतं. १८८५ मध्ये मराठी ग्रंथकार सभेचं निमंत्रण नाकारताना त्यांनी लिहिलेलं पत्र ‘ज्ञानोदया’त छापून आलं, म्हणून त्या काळचा वाद आपल्याला दोन्ही बाजूंनी वाचता येतो. पूर्वग्रह नसलेला लेखक मिळणार नाही. ज्याचा पूर्वग्रह ओळखून वजा करता येतो असा लेखक मिळू शकतो, आणि ब्लॉग ती सोय देतो: एकाच माणसाचं दहा वर्षांचं लेखन एका जागी, महिन्यावार लावलेलं. कुठल्या पक्षाच्या काळात तो कशावर गप्प होता हेसुद्धा त्यात दिसतं.

ही सोय खरी ठरायची तर लिहिणाऱ्याने काही गोष्टी पाळाव्या लागतात, आणि मराठी ब्लॉगर त्या सर्रास पाळत नाहीत. लेखात पाहणीची तारीख हवी. प्रसिद्धीची तारीख वेगळी. ऑगस्टमध्ये पाहिलेलं टाकं ‘पिण्याचं पाणी उपलब्ध’ असं तारखेविना लिहून ठेवलं तर एप्रिलमध्ये जाणारा माणूस पाण्याविना अडकतो. चूक सापडली तर जुनं वाक्य गुपचूप पुसू नये. त्यावर काट मारून शेजारी दिनांकासह दुरुस्ती लिहावी, म्हणजे आधी वाचून गेलेल्यालाही कळतं. आणि पैशांचं नातं लेखाच्या सुरुवातीलाच सांगावं, तळाशी नव्हे. हॉटेलने फुकट जेवू घातलं असेल, पुस्तक प्रकाशकाने पाठवलं असेल, दुव्यावरून खरेदी झाल्यावर वाटा मिळत असेल, तर तसं लिहायचं. जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्ये याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. मराठीत लिहिलं म्हणून त्यांतून सुटका होत नाही.

पैशाचा एक परिणाम मराठीत उशिरा आला. गूगलच्या जाहिराती हिंदी पानांना २०१४ च्या अखेरीस मिळू लागल्या, मराठीला त्यानंतर काही वर्षांनी. म्हणजे मराठी ब्लॉगचं पहिलं दशक पैशाविना गेलं. त्या लेखनात हौस होती, पाल्हाळ होता, पण शोधयंत्राला खूश करायची धडपड नव्हती. जाहिराती आल्यावर शासकीय योजना, भरतीच्या जागा, सणांच्या शुभेच्छा यांची शेकडो पानं उभी राहिली, एकमेकांवरून उतरवलेली, शीर्षकात तोच शब्द चार वेळा. ‘ब्लॉगचा दर्जा घसरला’ म्हणणारे बहुधा या पानांकडे बघून बोलत असतात. त्यांचं निरीक्षण बरोबर आहे, पण ती पानं जाहिरातीच्या जागा आहेत.

आता सगळ्यात खरा आक्षेप. मराठी ब्लॉग हा पांढरपेशा, शहरी, बव्हंशी उच्चवर्णीय छंद होता. फेसबुक, व्हॉट्सॲप आणि यूट्यूबने बाकीच्यांना आवाज दिला, मग ब्लॉगसाठी अश्रू का ढाळायचे? यातलं पहिलं वाक्य मला जसंच्या तसं मान्य आहे. २००५ च्या सुमारास ब्लॉग लिहायला संगणक हवा, दिवसभर चालणारं इंटरनेट हवं, म्हणजे बहुतेकदा ऑफिस हवं. त्यामुळे लिहिणारे पुण्या-मुंबईचे किंवा परदेशी गेलेले संगणक अभियंते जास्त, आणि विषयही त्यांचे: परदेशातली दिवाळी, पुण्याच्या आठवणी, भटकंती, पाककृती. दुष्काळ, ऊसतोड, वस्तीशाळा क्वचित. भाषा प्रमाण मराठी. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी चवीपुरती. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलने मराठीत बोलून टंकण्याची सोय दिली, आणि लाखो नवे लिहिणारे जालावर आले. त्यांना ब्लॉग कुणी दाखवलाच नाही. त्यांच्या फोनमध्ये आधीच दोन-तीन हिरवी-निळी ॲप्स होती, ते तिथे लिहू लागले. ब्लॉगचं सामाजिक रूप २०१० च्या आसपास गोठलं ते असं.

पण यातून निष्कर्ष कुठला निघतो? ३१ जानेवारी १९२० ला डॉ. आंबेडकरांनी ‘मूकनायक’ काढलं तेव्हा पहिल्याच अंकात त्यांनी मुंबई इलाख्यातल्या वृत्तपत्रांकडे बोट दाखवलं होतं, की ती विशिष्ट जातींचं हित बघतात. वृत्तपत्र हे साधनच परक्यांचं आहे, आपण भाषणांवर भागवू, असा निष्कर्ष त्यांनी काढला नाही. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले आणि स्वतःचं पत्र निघालं. त्याआधी १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधू’ काढलं तेही याच समजुतीने, की दुसऱ्याच्या ओसरीवर बसून आपली गोष्ट सांगता येते, पण ओसरी रिकामी करायला सांगितली की उठावं लागतं. आज दलित, भटक्या, आदिवासी, ग्रामीण लेखकांचं ताकदीचं मराठी लेखन सगळ्यात जास्त कुठे आहे? फेसबुकवर. आणि ते सगळ्यात कमी सुरक्षित कुठे आहे? तिथेच. टोळीने तक्रारी केल्या की खातं बंद होतं. पाच वर्षांपूर्वीची पोस्ट खुद्द लेखकाला सापडत नाही. खातं नसलेल्या वाचकाला दार बंद. जतन करणाऱ्या संस्थांच्या यंत्रांनाही दार बंद. ज्यांच्याकडे छापील ग्रंथालयांचा वारसा आधीच कमी, त्यांचंच नवं लेखन सगळ्यात ठिसूळ जागी ठेवलं जातंय, आणि याला आपण लोकशाहीकरण म्हणतोय.

ठिसूळ म्हणजे किती, ते नजीकच्या इतिहासात बघा. जिओसिटीज ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झालं. गूगल रीडर १ जुलै २०१३ ला, ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला, गूगल प्लस २ एप्रिल २०१९ ला. फेसबुकवर लांब लेखांसाठी ‘नोट्स’ नावाची सोय होती, अनेक मराठी लेखकांनी ब्लॉग सोडून ती धरली. ३१ ऑक्टोबर २०२० नंतर नवी नोट लिहिणं बंद. ब्लॉगसुद्धा कंपनीच्या जागेवर असेल तर यातून सुटलेला नाही. जुलै २००६ मध्ये मुंबईच्या लोकलमधल्या बॉम्बस्फोटांनंतर सरकारने मोजकी संकेतस्थळं अडवायला सांगितली, तर इंटरनेट कंपन्यांनी अख्खं ब्लॉगस्पॉटच (‘ब्लॉगर’वरच्या ब्लॉगांचा पत्ता) काही दिवस बंद ठेवलं. मात्र ब्लॉगचा मजकूर उचलून दुसरीकडे नेता येतो, क्रमासकट, आणि पत्ता स्वतःचा असेल तर पत्त्यासकट. फरक या एका गोष्टीचा आहे आणि तो मोठा आहे.

नेता येतो, पण नेणारे अडतात कुठे हे सांगायला हवं. ‘ब्लॉगर’ सेवेच्या सेटिंगमध्ये मजकुराचा बॅकअप घ्यायची सोय आहे. एक फाईल उतरते, तिच्यात लेख, पानं आणि प्रतिक्रिया येतात. चित्रं तिच्यात येत नाहीत. फाईलमध्ये फक्त चित्रांचे पत्ते असतात, चित्रं गूगलच्याच यंत्रावर राहतात. खातं गेलं की शिलालेखाचं वाचन उरतं आणि शिलालेख जातो. वर्डप्रेसचंही तसंच, चित्रसंग्रह वेगळा उतरवावा लागतो. म्हणून वर्षातून दोनदा फाईल आणि चित्रं एकाच फोल्डरात, दोन वेगळ्या जागी ठेवावीत, आणि निदान एकदा ती फाईल दुसऱ्या रिकाम्या ब्लॉगवर चढवून बघावी. उघडून न पाहिलेल्या बॅकअपचा भरवसा धरता येत नाही.

पत्त्याचा घोळ खास मराठी आहे. ‘ब्लॉगर’ ही सेवा लेखाचा पत्ता शीर्षकावरून बनवते, पण त्यात रोमन अक्षरंच घेते. शीर्षक पूर्ण देवनागरीत असेल तर सगळं गळून पडतं आणि पत्ता होतो ‘ब्लॉग-पोस्ट’, पुढच्याचा ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि एक आकडा. हजारो मराठी लेखांचे पत्ते असे अनामिक आहेत. दुवा पाहून आत काय आहे ते ना माणसाला कळतं ना यंत्राला. उपाय साधा आहे: प्रसिद्ध करण्याआधी उजवीकडच्या पट्टीत स्वतःचा पत्ता रोमन अक्षरांत द्यायचा. प्रसिद्धीनंतर बदलला तर आधी कुणी दिलेले दुवे तुटतात. वर्डप्रेस देवनागरी पत्ता ठेवतं, पण एकेक अक्षर किंवा मात्रा नऊ चिन्हांच्या सांकेतिक रूपात साठते आणि जागा दोनशे चिन्हांची, म्हणून बाविसाव्या खुणेच्या आसपास शीर्षक मध्येच छाटलं जातं. तिथेही रोमन पत्ताच बरा. शोधातही अशीच मेख आहे. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीच्या लेखांत तेच अक्षर ‘अ’वर चंद्र ठेवून लिहिलेलं आहे. डोळ्याला दोन्ही एकच दिसतात, यंत्राला ते वेगळे शब्द. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांत तर अर्थच बदलतो, तरी चुकीचा ‘र’ टंकलेले लेख ढिगाने आहेत.

स्वतःचं डोमेन, म्हणजे आपल्या नावे नोंदवलेला जालावरचा पत्ता, घेणं हा सगळ्यात चांगला मार्ग. खर्च वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास, आणि कंपनी बदलली तरी पत्ता आपला राहतो. पण बँकेचं कार्ड बदललं, नूतनीकरणाचं पत्र जुन्या ईमेलवर गेलं, मुदत उलटली, की काही आठवड्यांनी ते नाव कुणीही घेऊ शकतं. जुन्या दुव्यांच्या जोरावर तिथे जुगाराच्या जाहिराती बसतात. डोमेन घ्यायचं तर एकदम पाच वर्षांचं घ्यावं आणि ईमेल असा द्यावा जो रोज उघडला जातो.

मृत्यूनंतरचं तर कुणी बोलतच नाही. भारतीय प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राखतो. गूगलने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या धोरणानुसार दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं हटवलं जाऊ शकतं. म्हणजे हक्क साठ वर्षांचा आणि मजकुराची खात्री दोन वर्षांची. खात्याच्या सेटिंगमध्ये निष्क्रिय खात्याची व्यवस्था आहे: तीन ते अठरा महिने हालचाल नसेल तर कुणाला कळवायचं आणि कुठला मजकूर सोपवायचा हे आधी ठरवून ठेवता येतं, दहा जणांपर्यंत. त्याहून सोपं म्हणजे ब्लॉगला दुसरा प्रशासक नेमणं. घरातल्या किंवा मित्रमंडळातल्या एखाद्याला आमंत्रण पाठवायचं आणि त्याने ते स्वीकारल्यावर त्याचा दर्जा ‘लेखक’वरून ‘प्रशासक’ करायचा. हा शेवटचा टप्पा राहिला तर त्या माणसाला बॅकअपही घेता येत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे ब्लॉग आता खरोखरच संपेल, असं नवं भाकीत आहे. गूगलचे यंत्राने रचलेले सारांश भारतात २०२४ मध्ये आले. वाचक उत्तर तिथेच वाचतो, ब्लॉगपर्यंत येत नाही. योजना आणि भरतीच्या पानांचं यात नुकसान होईल. पण यंत्र सारांश काढणार कशाचा? मराठी बोलणारे २०११ च्या जनगणनेत आठ कोटींच्या वर होते, आणि त्या मानाने जालावरचं मराठी फारच थोडं आहे. टाक्याचं पाणी मार्चपर्यंत टिकतं हे आधी कुणीतरी पाहून, उघड्यावर, नावानिशी लिहिलेलं असायला लागतं. ते नसेल तर यंत्र अंदाज बांधेल आणि तो तितक्याच सफाईदार मराठीत मांडेल. तारीख, छायाचित्र, दुरुस्तीची खूण असलेली नोंद तेव्हा जास्तच लागेल. व्हॉट्सॲपने आधीच दाखवून दिलंय की नाव तुटलं की मजकुराचं काय होतं. कुणाचाही परिच्छेद पु. ल. किंवा व. पु. यांच्या नावावर फिरत राहतो, खऱ्या लेखकाला प्रताधिकार कायद्याचं कलम ५७ स्वतःचं नाव लागण्याचा हक्क देतं, पण मूळ कुठे आहे हे दाखवायला त्याच्याकडे तारीखवार पत्ता असावा लागतो.

हे सगळं एकेकट्या ब्लॉगरवर टाकून भागणार नाही. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाला पुस्तकाच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांकडे पाठवाव्या लागतात. ब्रिटनने एप्रिल २०१३ पासून हेच तत्त्व तिथल्या संकेतस्थळांना लावलं आणि ग्रंथालयांना त्यांच्या प्रती उतरवून ठेवायचा अधिकार दिला. महाराष्ट्रात राज्य मराठी विकास संस्था आहे, मुंबई आणि ठाण्याची शंभरी ओलांडलेली मराठी ग्रंथसंग्रहालयं आहेत, संगणक विभाग असलेली विद्यापीठं आहेत. कायद्याची वाट न पाहताही काम सुरू होऊ शकतं: ब्लॉगरने संमतीचा एक पानी अर्ज भरायचा, बॅकअपची फाईल आणि चित्रांचं फोल्डर द्यायचं, संस्थेने नाव, काळ आणि विषय यांची सूची करून ते ठेवायचं. निव्वळ मजकूर इतका हलका असतो की एका माणसाचं दहा वर्षांचं लेखन मोबाइलवरच्या एका लहानशा व्हिडिओएवढीही जागा घेत नाही. सुरुवात २००४ ते २०१२ मधल्या बंद पडलेल्या ब्लॉगांपासून करावी. त्यांतले बरेच आज उघडतात, त्यांचे लेखक बहुतेक हयात आहेत, आणि त्यांच्या खात्यांचे पासवर्ड अजून कुणाला तरी आठवतात.